बेटावरच्या नरांना रेघ नसते

आमच्या संग्रहालयाने छापलेल्या फुलपाखरांच्या पुस्तकात एक वाक्य आहे: ‘बेटावरच्या नरांना पंखावर रेघ नसते.’ एकतीस वर्षं ते ऐटीत उभं आहे. इतरांनी ते आपापल्या पुस्तकांत उचललं, एकाने त्यावर प्रबंधाची सहा पानं भरली, आणि एका विद्वानाने तर कारणही शोधून काढलं. म्हणे बेटावर वारा फार, वाऱ्यात वास टिकत नाही, म्हणून वासाची रेघ हळूहळू झडून गेली. वाचायला झकास वाटतं. पण ते वाक्य साफ खोटं आहे. लिहिलं मोठ्या साहेबांनी असलं, तरी घडवलं मी, डिंकाच्या एका थेंबाने.

मी कीटक विभागात मांडणीचं काम करते. आलेलं फुलपाखरू ओलसर डब्यात ठेवून मऊ करायचं, छातीतून टाचणी घालायची, पंख फळीवर पसरून कागदाच्या पट्ट्यांनी दाबून ठेवायचे, आणि वाळलं की चिठ्ठी लावून काचेच्या झाकणाच्या पेटीत बसवायचं. माझ्याआधी हे काम बाबा करायचे. माझी आई लवकर गेली, घरी मी एकटी असायचे, म्हणून बाबांनी विसाव्या वर्षी मला हाताखाली घेतलं. विभागातले लोक म्हणाले, हिला टाचणी वारशाने मिळाली. मी तेव्हा हसले होते. आता एवढी वर्षं टोचून टोचून माझी बोटं चाळणी झाली आहेत आणि असल्या विनोदांना मी हसत नाही.

माझ्या वाट्याला आल्या स्किपर. फुलपाखरांच्या घरातली ही सावत्र लेकरं. रंग तपकिरी, अंग जाडजूड, डोकं मोठं, मिशांची टोकं आकड्यासारखी वळलेली. उडतात त्याही धड नाही, टुणटुण उड्या मारत. बघायला येणारे लोक मोठ्या निळ्या-हिरव्या फुलपाखरांपुढे फोटो काढतात आणि स्किपरच्या पेट्यांपुढून नाक वर करून निघून जातात. ओळखायला म्हणाल तर निव्वळ डोकेदुखी. चार जाती शेजारी ठेवल्या तर त्यांची आईसुद्धा गोंधळेल. पंखांवरचे ठिपके मोजायचे, नराच्या पुढच्या पंखावर वासाच्या खवल्यांची काळी रेघ असते ती पाहायची, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर पोट कापायचं. पोटाचं टोक कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळलं की आतले अवयव सुटे होतात. प्रत्येक जातीच्या नरात त्यांचा आकार वेगळा असतो, तो काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की निकाल लागतो. पंख फसवतील, पोट फसवत नाही, असं मोठे साहेब म्हणायचे. मोठे साहेब म्हणजे तेव्हाचे विभागप्रमुख. त्यांचा शब्द विभागात शेवटचा असायचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही.

बाबा एकदा साहेबांबरोबर बेटावर गेले होते, सामान वाहायला. महिनाभर जाळी, डबे आणि बाटल्या उचलल्या आणि परत येताना स्वतःची म्हणून एकच वस्तू आणली: कागदाच्या तिकोनी पुडीत एक स्किपर. ती त्यांनी किनाऱ्यावरच्या केवड्याच्या झुडपात पकडली होती. बाबांचं म्हणणं, ही नेहमीची नाही. नेहमीची भर उन्हात बसते, ही सावलीत. नेहमीच्या जातीच्या पंखावरचे चार ठिपके एका ओळीत असतात, हिचा चौथा जरा खाली घसरलेला. सातवी शिकलेल्या माणसाने जात ओळखायची नसते, टाचणी टोचायची असते, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी धीर करून साहेबांना सांगितलं, ‘एकदा नजर टाका.’ साहेब म्हणाले, सोमवारी टाकू.

शनिवारी मी ती स्किपर ठेवलेली पेटी पुसायला घेतली. मला कामाला लागून सव्वा महिना झाला होता. झाकण अडकलं होतं. मी जोर लावून ओढलं तसं ते अचानक सुटलं, आणि पेटी टेबलाच्या कडेवर आपटली. बाबांच्या स्किपरचं पोट तुटून खाली पडलं. एवढंच असतं तर मी सांगितलं असतं. मोडलेला भाग चिकटवायचा नाही, बारक्या कुपीत घालून त्याच टाचणीला लावायचा आणि नोंद करायची, हे बाबांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण त्या पेटीच्या तळाशी जुन्या मोडक्या नमुन्यांची दोन पोटं आधीपासूनच घरंगळत होती. आता तीन झाली. तिन्ही तपकिरी, तिन्ही तांदळाच्या दाण्याएवढी. कुपीत कोणतं घालणार? मी भिंगातून पाहिलं, मग नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, मग माझी पाचावर धारण बसली आणि मी एक उचललं. चिठ्ठ्यांचा डिंक टाचणीच्या टोकावर घेतला आणि चिकटवून टाकलं. अगदी चपखल बसलं. उरलेली दोन मी फुंकर मारून कचऱ्यात घालवली. त्यातलं एक तिचं होतं.

सोमवारी साहेबांनी पंखांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ‘पोट आणा,’ म्हणाले. पोट कापून, उकळून, काचपट्टीवर घेऊन आली ती त्यांची लाडकी विद्यार्थिनी, म्हणजे आमच्या आताच्या मॅडम. साहेबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि अर्ध्या मिनिटात वर केला. ‘नेहमीचीच आहे. नर.’ मग पहिल्यांदा त्यांनी पेटीत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘आणि हे पाहिलंत का, नर असून रेघ नाही. बेटावरच्या नरांना रेघ नसते.’ त्यांना शोध लागला होता. बाबा दारात उभे होते. साहेब सगळ्यांदेखत त्यांना म्हणाले, ‘तुम्ही टाचण्या सरळ टोचा. जातींचं आम्ही पाहतो.’

सगळे हसले. त्या दिवसापासून विभागात बाबांचं नाव पडलं ‘शोधक’. ‘काय शोधक, आज काय शोधलं?’ चहाच्या वेळी, जिन्यात, पगाराच्या रांगेत. निवृत्त होईपर्यंत पाच वर्षं. बाबांनी कधी उलट उत्तर दिलं नाही, आणि घरी फुलपाखरांचा विषयही पुन्हा काढला नाही.

मी त्या दिवशी हातात ट्रे घेऊन तिथेच उभी होते. मला शंका आली होती. आलीच होती, कशाला लपवू. पण मी मूग गिळून गप्प बसले. नंतर स्वतःची समजूत घातली की तीनातलं एक, म्हणजे नशिबाने बरोबरही निघालं असेल. साहेब पोट पाहून सांगतात म्हणजे तसंच असेल. आणि बाबांना मनातून माहीत आहेच की आपण चुकलेलो नाही, मग बाहेर कुणी काही म्हणेना. या समजुतीवर मी एकतीस वर्षं झोपले, आणि मला सांगायला लाज वाटते की झोप चांगली लागली.

या वर्षी पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची आहे, कैलासवासी साहेबांच्या स्मरणार्थ. संपादक मॅडम. छपाईला दोन आठवडे उरले असताना बेटावरच्या एका शाळेतल्या मास्तरांचं पत्र आलं. सोबत फोटो. त्यांनी विचारलं होतं, आमच्या शाळेमागे केवड्यात ही स्किपर बसते, ती कोणती ते कृपया कळवावं. असली पत्रं आधी माझ्याकडे येतात, मी पेटी काढून फोटोशेजारी ठेवते, मग मॅडम उत्तर सांगतात.

फोटोत एक जोडी होती, पानावर, शेपटीला शेपटी लावून बसलेली. दोघांचाही चौथा ठिपका खाली घसरलेला. त्यातल्या एकाच्या पंखावर ठसठशीत काळी रेघ. दुसरीच्या पंखावर रेघ नाही.

मी बाबांची स्किपर काढली. एकतीस वर्षं बिनपोटाची, रेघेवाचूनची, चौथा ठिपका खाली घसरलेली. ती नर नव्हतीच. ती मादी होती. मादीच्या अंगाला मी नराचं पोट चिकटवलं होतं, तेही दुसऱ्याच जातीच्या, आणि मोठमोठ्या माणसांनी ते पोट पाहून मादीला नर ठरवलं, नवीला जुनी ठरवलं आणि माझ्या बापाला खुळा ठरवलं. कुणी एकदा, फक्त एकदा, हे पोट या पंखांचंच आहे का असं विचारलं असतं तरी भांडं फुटलं असतं. पण साहेब म्हणाले होते पोट फसवत नाही, मग पंखांवर विश्वास ठेवायची हिंमत कोण करणार?

बाबा शहाऐंशीचे आहेत. डोळे जवळपास गेलेत, कान शाबूत आहेत. मला एकच गोष्ट हवी होती: तुम्ही बरोबर होता, हे बाबांच्या कानांवर त्यांच्या जिवंतपणी पडावं, आणि तेही माझ्या सांगण्यातून नव्हे, संग्रहालयाच्या कागदावरून. त्यासाठी ते चुकीचे कुणामुळे ठरले हेही सांगावं लागणार होतं. ती किंमत मला दिसत होती. पण आता मागे फिरले असते तर मला आरशात बघवलं नसतं.

मी फोटो आणि पेटी घेऊन मॅडमच्या खोलीत गेले.

‘मॅडम, तुम्ही नर म्हणून कापली ती मादी होती.’

त्यांनी फोटो घेतला, खिडकीपाशी नेला, भिंग लावलं. मॅडम काही मूर्ख नाहीत. त्यांना माझ्याइतकाच वेळ लागला.

‘पोट नराचंच होतं,’ त्या सावकाश म्हणाल्या. ‘काचपट्टी अजून आहे. माझी सही आहे तिच्यावर.’ आणि कपाटातून काढून त्यांनी ती टेबलावर ठेवली.

‘पोट नराचंच होतं. तिचं नव्हतं. मी चिकटवलं होतं.’

मी सगळं सांगितलं. पेटी, झाकण, तीन पोटं, डिंक. सारवासारव केली नाही. त्या ऐकून घेत होत्या आणि काचपट्टीवरच्या स्वतःच्या सहीकडे पाहत होत्या. ती त्यांच्या आयुष्यातली पहिली सही होती. डिंक त्यांच्याही लक्षात यायला हवा होता, हे त्या बोलल्या नाहीत आणि मीही बोलले नाही.

‘ताई,’ शेवटी त्या म्हणाल्या, ‘एकतीस वर्षं गप्प बसलात. आणखी थोडं बसा. पुस्तक छापून होऊ द्या. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू.’

‘पुढची आवृत्ती कधी?’

‘वीसेक वर्षांनी.’

‘बाबा शहाऐंशीचे आहेत.’

‘मला समजतंय. पण एका फोटोवरून नवी जात ठरत नाही, तुम्हालाही माहीत आहे. तिथून नर यायला हवा, तपासण्या व्हायला हव्यात. दोन-तीन वर्षं कुठे गेली नाहीत.’

‘नवी जात ठरवू नका. खोटं वाक्य तेवढं काढा.’

‘वाक्य काढायचं तर कारण द्यावं लागेल. कारण दिलं की चौकशी. तुमची नोकरी अजून नऊ वर्षं उरली आहे. आणि वडिलांचं नाव निघेल ते वेगळंच. मांडणी त्यांची, मुलगी त्यांची, नवी जात सापडली म्हणून हट्ट त्यांचा. लोक म्हणतील बापलेकींनी मिळून बनाव केला.’

हे त्या दुष्टपणाने बोलत नव्हत्या, म्हणूनच मला जास्त झोंबलं. ‘मॅडम,’ मी म्हटलं, ‘बनाव करायचा असता तर बरोबर पोट लावलं नसतं का?’ आणि पेटी उचलून बाहेर आले.

आमच्या कामात एक नियम आहे आणि तो कुठल्याही साहेबापेक्षा मोठा आहे. टाचणीवर एकदा चिठ्ठी चढली की ती काढायची नाही. पहिल्या चिठ्ठीवर कुठे, कधी, कुणी पकडलं. पुढच्या चिठ्ठीवर कुणी तरी ठरवलेली जात. आणखी दहा वर्षांनी दुसरा येतो, म्हणतो हे चूक. तो आधीची फाडत नाही, आपली खाली लावतो. शंभर वर्षांच्या जुन्या फुलपाखराखाली अशा पाच-पाच चिठ्ठ्यांची उतरंड असते, आणि त्यातल्या चार चुकीच्या असतात. कुणी कुठे कसं चुकलं हे दिसलं पाहिजे, यासाठी तो नियम. बाबांनी मात्र आपलं म्हणणं चिठ्ठीवर कधी लिहिलं नाही. ते काम शिकलेल्यांचं.

मीही शिकलेल्यांतली नाही. तरी त्या दुपारी बसून मी चिठ्ठी लिहिली. शाईच्या बारीक निबाने, नखाएवढ्या कागदावर: ‘नमुना मादी आहे. तपासलेले उदर या नमुन्याचे नव्हते. ते मी चिकटवले.’ खाली माझं पूर्ण नाव आणि तारीख. चिमट्याने बाबांची स्किपर उचलली, चिठ्ठी टाचणीवर चढवली, साहेबांच्या चिठ्ठीखाली नीट सरळ केली आणि पेटी जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मॅडम नव्या विद्यार्थ्यांना घेऊन पेट्यांच्या खोलीत आल्या. दर वर्षी त्या स्किपरपासूनच सुरुवात करतात, कारण इथे चुका सर्वांत जास्त दिसतात. मी कोपऱ्यात फळीवर पंख पसरत होते. चिठ्ठ्यांचा नियम सांगून झाला. एक चष्मेवाली मुलगी पेटीवर वाकली होती. ती म्हणाली, ‘मॅडम, या शेवटच्या चिठ्ठीवर काहीतरी वेगळंच लिहिलंय.’ आणि तिने वाचून दाखवलं.

मॅडमनी झाकण उघडलं. त्यांचा हात टाचणीपर्यंत गेला, बोटांनी टाचणीचं डोकं धरलं. मी काम थांबवून सरळ त्यांच्याकडे पाहत राहिले.

‘ही चिठ्ठी अधिकृत नाही,’ त्या म्हणाल्या.

‘पण चुकीची असली तरी काढायची नाही ना?’ मुलीने विचारलं. तिच्या मनात काही खोट नव्हती. तिने आत्ताच वहीत लिहून घेतलं होतं.

मॅडमनी हात मागे घेतला. ‘नाही,’ त्या म्हणाल्या. ‘काढायची नाही.’ आणि झाकण लावून त्या पुढच्या पेटीकडे गेल्या.

संध्याकाळी मी बाबांना सांगायला बसले. ते खिडकीशेजारच्या खुर्चीत रेडिओ ऐकत होते. मी रेडिओ बंद केला आणि एका दमात सगळं सांगितलं, जसं मॅडमना सांगितलं तसंच. मधे ते एकदाच बोलले.

‘डिंक कोणता?’

‘चिठ्ठ्यांचा.’

‘तरीच कॉस्टिकमध्ये सुटला आणि कुणाला कळलं नाही,’ ते म्हणाले.

मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही बरोबर होता. ती वेगळीच आहे. मी फोटो पाहिला.’ मला वाटलं आता ते म्हणतील, मला माहीतच होतं. मी त्या वाक्याची वाट पाहत होते. खरं सांगायचं तर एकतीस वर्षं त्याच वाक्याच्या आधारावर उभी होते.

‘मला वाटलं मी चुकलो,’ बाबा म्हणाले.

‘म्हणजे?’

‘म्हणजे काय? पोट फसवत नाही. मग फसलो मीच असणार. लोक हसले त्याचं मला एवढं काही नाही, लोक हसतातच. पण केवड्यात ती सावलीत बसलेली मी पाहिली होती. दहा-बारा वेळा पाहिली होती. आणि साहेबांनी सांगितलं की नाही, तू पाहिलीच नाहीस. मी ते खरं मानलं. त्यानंतर कुठल्याही फुलपाखराकडे पाहून मी मनातल्या मनातसुद्धा म्हटलं नाही की हे अमुक आहे. डोळे चांगले होते तेव्हा म्हटलं नाही. आता डोळे नाहीत.’

हसणाऱ्यांचा मला किती राग होता, त्या साहेबांना मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या. आणि माझ्या बापाकडून सर्वांत मोठी गोष्ट काढून घेणारी त्याच्याच घरात त्याला रोज चहा करून देत होती.

‘माफ करा म्हणू का?’ मी विचारलं.

‘नको. आता काही बोलू नकोस.’

मग ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला वाढलं की जेवायचे, हाक मारली की मान हलवायचे, आणि खुर्ची त्यांनी भिंतीकडे वळवून ठेवली होती. मधल्या एका दिवशी मला कार्यालयातून मेमो आला. नमुन्यात अनधिकृत फेरफार केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याची कारणे सात दिवसांत दाखवावीत. मी त्याच कागदाच्या मागे उत्तर लिहिलं: ‘कारवाई का करू नये याचे एकही कारण मला सुचत नाही. जरूर करावी. फक्त पुस्तकातले वाक्य त्याआधी काढावे.’ आस्थापनेतल्या कारकुनाने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘ताई, असंच पाठवायचं?’ मी म्हटलं, शिक्का मार.

सोमवारी सकाळी मी डबा भरून बाहेर आले तर बाबा दाराशी बूट घालून बसले होते. काठी मांडीवर आडवी.

‘चल,’ म्हणाले.

विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट फक्त सामानासाठी. पहारेकऱ्याने लिफ्टने जा म्हटलं तर बाबा म्हणाले, मी सामान नाही. एकेका पायरीवर थांबत, कठडा धरत ते चढले. मी हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही. आम्ही पेट्यांच्या खोलीत पोचलो तोवर बातमी पुढे गेली होती. विभागातले सगळे या ना त्या निमित्ताने तिथे येऊन उभे राहिले होते, विद्यार्थी, मांडणीवाले, कारकूनसुद्धा. मॅडम आपल्या खोलीतून बाहेर आल्या.

‘काका, बसा ना,’ त्या म्हणाल्या. ‘पुस्तकातलं ते पान मी थांबवून ठेवलंय.’

‘थांबवलंत की बदललंत?’

मॅडमनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. सगळे ऐकत होते. ‘बदलते,’ त्या म्हणाल्या. ‘आज बदलते.’

बाबा खुर्चीत बसले. मी पेटी त्यांच्यापुढे ठेवून झाकण काढलं. त्यांनी डोळे बारीक केले, मान पुढे नेली, बाजूला नेली. काही दिसत नव्हतं.

‘चौथा ठिपका?’ त्यांनी विचारलं. तीन दिवसांत ते पहिल्यांदा मला काही विचारत होते.

‘खाली आहे.’

‘किती?’

‘अर्ध्या ठिपक्याएवढा.’

‘बरोबर,’ बाबा म्हणाले. ‘एक कागद दे. आणि जाड पेन.’

मॅडम पुढे झाल्या. ‘काका, तुम्ही सांगा, ताई बारीक अक्षरात लिहितील. चिठ्ठी फुलपाखराहून मोठी झाली की शेजारचे नमुने झाकले जातात.’

‘ती लिहील ते मला वाचता येणार नाही,’ बाबा म्हणाले. ‘मला वाचता आली पाहिजे.’

कुणीतरी जाड मार्कर आणून दिला. बाबांनी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर, एकेक अक्षर जोर लावून, वेळ घेऊन लिहिलं: ‘ही वेगळी आहे. मी पाहिली आहे.’ खाली नाव. ओळ तिरकी गेली, नावाचं शेवटचं अक्षर कडेवर चेपलं. मग त्यांनी पुठ्ठा नाकाजवळ धरला आणि प्रत्येक शब्दावर थांबत स्वतःच वाचला. मी तो टाचणीवर चढवला. तो पेटीत मावेना. शेजारच्या चार नेहमीच्या स्किपर आड येत होत्या. मॅडमनी चिमटा घेतला आणि त्या चारही एकेक करून दुसऱ्या पेटीत हलवल्या.

मी झाकणाला हात घातला, तर बाबांनी काठीने टेबलावर टक् केलं.

‘तू काय लिहिलंयस?’ त्यांनी विचारलं. ‘तुझी चिठ्ठी. वाच.’

मी वाकले. माझी चिठ्ठी त्यांच्या पुठ्ठ्याच्या वर होती, डोळे ताणून पाहिल्याशिवाय न दिसणारी. मी वाचली. शेवटच्या तीन शब्दांपाशी माझा आवाज खाली गेला.

‘पुन्हा वाच,’ बाबा म्हणाले. ‘सगळ्यांना ऐकू जाऊ दे.’

मी सरळ उभी राहिले. विभाग समोर होता. कुणी हसत नव्हतं.

‘नमुना मादी आहे,’ मी म्हटलं. ‘तपासलेले उदर या नमुन्याचे नव्हते. ते मी चिकटवले.’

बाबांनी मान हलवली आणि उठण्यासाठी माझ्याकडे हात पुढे केला.